‘मेमरी लीक आहे’ असं लिहिण्याआधी : सेफवरचा एक गाजलेला पेपर आणि त्यात न मोजलेली मेमरी

डिस्ट्रिब्युटेड स्टोरेजमध्ये संशोधन करायचं म्हणून कोणत्याही गाईडकडे गेलात, तर पहिल्या पाच पेपरांत एक नाव हमखास येतं. २०१९ च्या एसओएसपी परिषदेतला अबुतालिब अघायेव, सेज वाइल आणि सहकाऱ्यांचा पेपर. सेफ या स्टोरेज प्रणालीच्या दहा वर्षांच्या अनुभवातून लेखक एक निष्कर्ष काढतात : अशा प्रणालीने आपला डेटा एक्सटी४ किंवा एक्सएफएससारख्या तयार फाइल सिस्टिमवर ठेवणं योग्य नाही. (सेफचा तिजोरीशी काही संबंध नाही बरं का. ऑक्टोपस आणि म्हाकुल ज्या सेफॅलोपॉड कुळातले, त्यावरून हे नाव आलं आहे.) सेफने फाइलस्टोअर नावाची जुनी व्यवस्था सोडून ब्लूस्टोअर नावाची नवी व्यवस्था लिहिली. ती फाइल सिस्टिमला बाजूला सारून थेट कच्च्या डिस्कवर लिहिते. दोन वर्षांत ७० टक्के वापरकर्ते तिच्याकडे वळले, असं पेपरच्या सारांशातच आहे.

पेपर उत्तम आहे, आणि हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. ट्रान्झॅक्शन, मेटाडेटाची गती, नवीन प्रकारच्या डिस्क या तिन्ही मुद्द्यांवरचा युक्तिवाद इतका स्वच्छ आहे की ‘मोटिव्हेशन’ हा भाग कसा लिहावा ते शिकायला तो जरूर वाचा. माझी तक्रार एका ठिकाणी आहे, ती म्हणजे मेमरी.

फाइल सिस्टिम वापरली की तिच्याबरोबर एक गोष्ट फुकट मिळते : कर्नलचा पेज कॅश. मशीनमध्ये रिकामी रॅम असेल तर कर्नल ती डिस्कवरच्या डेटासाठी वापरतो, आणि दुसऱ्या कुणाला हवी झाली की निमूट सोडून देतो. या सगळ्याचा हिशेब कर्नल ठेवतो, सेफ नाही. ब्लूस्टोअरने फाइल सिस्टिम सोडली तेव्हा ही सोयही गेली. आता कॅश सेफच्या प्रोसेसच्या पोटात आला. केव्हा वाढवायचा, केव्हा कमी करायचा, किती झाला म्हणजे पुरे, हे सगळं सेफच्या कोडने ठरवायचं.

लेखकांना हे ठाऊक आहे आणि त्यांनी ते लपवलेलं नाही. सहाव्या भागात, कच्च्या डिस्कवर काम करण्यातल्या अडचणी सांगताना, ते मोकळेपणाने लिहितात की ब्लूस्टोअरमध्ये कॅशचा आकार हा हाताने ठरवायचा एक ठरावीक आकडा आहे, आणि पेज कॅशसारखा आपोआप लहानमोठा होणारा कॅश युजर स्पेसमध्ये बांधणं हा अजून न सुटलेला प्रश्न आहे. पोस्टग्रेसक्यूएल आणि रॉक्सडीबी यांनाही तो भेडसावतो, हेही ते नोंदवतात. स्ट्रक्चरमधल्या रिकाम्या जागांत मेमरी कशी वाया जाते यावरही एक परिच्छेद आहे. बस्स, मेमरीचा विषय तिथे संपतो.

मूल्यमापनाचा भाग उघडा. १६ मशीनचा क्लस्टर, प्रत्येकात ६४ जीआयबी रॅम, सेफची ल्युमिनस आवृत्ती. आलेख थ्रूपुटचे, प्रति सेकंद ऑपरेशन्सचे, लेटन्सीचे. ओएसडीने, म्हणजे एकेक डिस्क सांभाळणाऱ्या प्रोसेसने, प्रयोग चालू असताना किती मेमरी खाल्ली याचा आलेख कुठेच नाही.

‘मग काय झालं? पेपर वेगाबद्दल आहे,’ असं कुणी म्हणेल. पण तुलना कशाची चालली आहे ते बघा. फाइलस्टोअरला कर्नलचा पेज कॅश मिळतो, म्हणजे ६४ पैकी जी काही रॅम मोकळी असेल ती. ल्युमिनसमधल्या ब्लूस्टोअरला डीफॉल्ट कॅश मिळतो हार्ड डिस्कसाठी १ जीबी आणि एसएसडीसाठी ३ जीबी. दोन पैलवान कुस्तीला उतरले आहेत आणि त्यांची वजनं कुणी घेतलेलीच नाहीत. गंमत अशी की वजन घेतलं असतं तर कदाचित लेखकांचाच दावा आणखी भक्कम झाला असता. कमी मेमरीत ब्लूस्टोअर जिंकला हे वाक्य पेपरात येऊ शकलं असतं. किंवा ब्लूस्टोअरची प्रोसेस कॅशच्या आकड्यापेक्षा बरीच फुगते असं दिसलं असतं, आणि मग तो ‘न सुटलेला प्रश्न’ किती मोठा आहे हे आकड्यात कळलं असतं. दोन्हींतलं काहीही निघालं तरी आपल्याला हवंच होतं.

आणि फुगणं हे काल्पनिक नाही. कॅशचा आकार १ जीबी ठरवला म्हणजे प्रोसेस १ जीबीत राहील, असं नव्यानं क्लस्टर उभारणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. तो आकडा फक्त कॅशचा असतो. बाकीचं सामान वेगळं.

हे ‘बाकीचं सामान’ शोधण्याचं काम कसं चालतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण पेपरातली पोकळी नेमकी तिथे आहे आणि तुमच्यातले बरेच जण पुढे याच कामात महिने घालवणार आहात.

ओएसडीची मेमरी वाढली, असं आपण म्हणतो तेव्हा आपण बहुधा टॉप या कमांडमधला आरएसएसचा रकाना बघितलेला असतो. तो कर्नलचा आकडा : या प्रोसेसच्या नावावर प्रत्यक्ष रॅममधली किती पानं आहेत. पण प्रोग्रॅम कर्नलकडून थेट मेमरी घेत नाही. मध्ये एक अ‍ॅलोकेटर असतो, सेफमध्ये सहसा टीसीमॅलॉक. गावातल्या धान्याच्या अडत्यासारखं त्याचं काम. गोदाम मालकाचं, भाड्याने घेतलेलं. शेतकऱ्याने पोतं उचलून नेलं तरी अडत्या ती जागा लगेच मालकाला परत करत नाही. उद्या दुसरं पोतं येईल म्हणून धरून ठेवतो. मालकाच्या वहीत मात्र पूर्ण गोदामाचं भाडं चालूच. इथे मालक म्हणजे कर्नल. त्याची वही म्हणजे आरएसएस.

म्हणून आकडे तीन लागतात. एक कर्नलचा. दुसरा अडत्याचा : सेफमध्ये ओएसडीला ‘हीप स्टॅट्स’ विचारलं की टीसीमॅलॉक सांगतो की प्रोग्रॅमच्या वापरात किती बाइट आहेत, मोकळे पण त्याच्याच ताब्यात किती, आणि कर्नलला परत केलेले किती. तिसरा खुद्द प्रोग्रॅमचा : ‘डंप मेमपूल्स’ ही आज्ञा दिली की सेफ स्वतःच्या वहीतून सांगतो की ब्लूस्टोअरच्या कॅशमध्ये इतके, पीजी लॉगमध्ये इतके, ओएसडी मॅपमध्ये इतके, बेनामी बफरमध्ये इतके.

निदान दडलेलं असतं या तीन आकड्यांमधल्या फरकांत. आरएसएस आणि अडत्याच्या ‘वापरात’ या आकड्यात मोठी दरी असेल तर प्रोग्रॅमने मेमरी सोडलेली आहे, पण ती कर्नलपर्यंत पोचलेली नाही. तिथे सेफच्या कोडमध्ये लीक शोधत बसणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. ‘हीप रिलीज’ देऊन बघा. आरएसएस खाली आला तर बात संपली. नाही आला तर मोठ्या पानांचा संशय घ्या. लिनक्सची ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस ही सोय चालू असेल तर ४ केबीच्या ५१२ पानांऐवजी २ एमबीचं एकच पान दिलं जातं, आणि त्यातला एखादा कोपरा वापरात असला तरी अख्खं पान अडकून राहतं. पुढे सेफने आपल्या प्रोसेससाठी ही सोय बंद ठेवायचं ठरवलं, ते उगाच नाही.

अडत्याचा आकडा आणि मेमपूल्सची बेरीज यांच्यात दरी असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा प्रोग्रॅम मेमरी वापरतोय, पण स्वतःच्या वहीत लिहीत नाहीये. काही दरी नेहमीचीच असते, कारण सेफच्या पोटात बसलेल्या रॉक्सडीबीचे मेमटेबल आणि ब्लॉक कॅश मेमपूलच्या हिशेबात येत नाहीत. दरी त्याहून मोठी आणि वाढती असेल, तर मात्र हीप प्रोफायलर चालू करून कोणत्या फंक्शनने मेमरी मागितली ते बघण्याला पर्याय नाही. तो चालू केला की ओएसडी मंदावतो, म्हणून चालत्या क्लस्टरवर लोक तो टाळतात. समजण्यासारखं आहे.

आणि तिन्ही आकडे एकमेकांशी जुळत असूनही तिन्ही मोठे असतील तर? तर प्रोग्रॅम जे करायला सांगितलं तेच करतोय, आणि चूक सांगण्यात आहे. याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात छान उदाहरण सर्नचं. २०१५ मध्ये सर्नच्या लोकांनी सुमारे ३० पेटाबाइटचा सेफ क्लस्टर चाचणीसाठी उभा केला : १५० सर्व्हर, ७२०० ओएसडी. क्लस्टरमध्ये कोण कुठे आहे, कोण जिवंत आहे, याचा नकाशा म्हणजे ओएसडी मॅप. क्लस्टर जितका मोठा तितका नकाशा मोठा. इथे एकेक नकाशा सुमारे ४ एमबीचा झाला. आणि त्या काळच्या डीफॉल्टप्रमाणे प्रत्येक ओएसडी असे ५०० जुने नकाशे कॅशमध्ये ठेवत असे. आता गुणाकार करा. ५०० गुणिले ४ एमबी, म्हणजे ढोबळमानाने एका ओएसडीमागे २ जीबी. एका सर्व्हरवर ४८ ओएसडी, म्हणजे नुसत्या नकाशांसाठी ९६ जीबी! यात लीक नाही, तुकडेबाजी नाही, अ‍ॅलोकेटरचा दोष नाही. लहान क्लस्टर डोळ्यापुढे ठेवून कुणीतरी लिहिलेला ५०० हा आकडा आहे, बाकी काही नाही. तिथल्या मंडळींनी तो बराच खाली आणला. आज सेफमध्ये तो डीफॉल्टच ५० आहे.

हे उदाहरण मला एवढं आवडतं कारण निदानाला प्रोफायलर लागला नाही, कागद-पेन पुरलं. आणि ही गोष्ट पेपरच्या चार वर्षं आधीची आहे. मेमरी क्लस्टरच्या आकारानुसार वाढते, १६ मशीनवर ती दिसत नाही, हे सेफच्या जगात तेव्हाच माहीत होतं. पेपरातला प्रयोग १६ मशीनवरच राहिला याबद्दल मी लेखकांना बोल लावणार नाही, ७२०० ओएसडी कुणाच्या लॅबमध्ये पडलेले नसतात. पण मर्यादा म्हणून एक वाक्य यायला हवं होतं.

आता पेपरनंतरचं, किंवा खरं तर पेपरच्या आसपासचं. मार्च २०१९ मध्ये आलेल्या नॉटिलस आवृत्तीत कॅशचा आकार आपोआप बदलण्याची सोय होती. ‘ओएसडी मेमरी टार्गेट’ नावाचा एक आकडा द्यायचा, डीफॉल्ट ४ जीआयबी, आणि ओएसडी स्वतःचे कॅश लहानमोठे करून एकूण हीप त्या आकड्याजवळ ठेवायचा प्रयत्न करतो. ऑक्टोबर २०१९ च्या परिषदेत मात्र पेपर कॅशला हाताने ठरवायचा ठरावीक आकडाच म्हणतो, कारण त्यांचे प्रयोग ल्युमिनसवर झालेले. पेपर लिहून छापेपर्यंत सॉफ्टवेअर पुढे जातं, हे आपल्या क्षेत्राचं दुखणंच आहे. तरी सहलेखकांमध्ये सेफचे मुख्य लोक असताना एक तळटीप जड नव्हती.

ही सोय हुशारीची आहे. ती वरच्या तीन थरांपैकी मधल्या थराकडे, म्हणजे टीसीमॅलॉकने किती हीप मॅप केली आहे त्याकडे, बघत राहते आणि त्यानुसार कॅशला चिमटा काढते किंवा ढील देते. पण तिच्या नावाने भरपूर घोटाळा केला आहे. ‘टार्गेट’ म्हणजे लक्ष्य, मर्यादा नव्हे. ओएसडीला कमी करता येतो तो फक्त कॅश, आणि तोही एका किमान पातळीपर्यंत, डीफॉल्ट १२८ एमआयबी. पीजी लॉग, नकाशे, वाटेत असलेल्या विनंत्या, रिकव्हरीचे बफर यांना तो हात लावू शकत नाही. ही मंडळी ५ जीबीची झाली तर कॅश तळाला जातो, ओएसडी हळू होतो आणि ४ जीबीचं लक्ष्य तरीही ओलांडलं जातं. घरखर्च हाताबाहेर गेल्यावर चहा-बिस्किटं बंद केली, पण घरभाडं तेवढंच, असा प्रकार. कंटेनरमध्ये चालवताना सेफ सीग्रुपच्या मर्यादेच्या ०.८ पट लक्ष्य धरतो. म्हणजे उरलेला पाचवा हिस्सा ही सगळी अनिश्चितता पचवायला ठेवलेला. तो पुरला नाही तर कर्नलचा ओओएम किलर येतो आणि ओएसडी मरतो.

एक ओएसडी मेल्याने काय बिघडतं, असं वाटेल. डेटाच्या तीन प्रती असतात ना! बिघडतं हे की तो मेल्यावर बाकीच्यांना रिकव्हरी करावी लागते, रिकव्हरीला मेमरी लागते, आणि बाकीचेही त्याच आकाराच्या, तितक्याच भरलेल्या मशीनवर बसलेले असतात. एकापाठोपाठ एक पत्ते पडायला वेळ लागत नाही.

पीजी लॉगचं प्रकरण तर याहून वाईट. पीजी म्हणजे प्लेसमेंट ग्रूप, ऑब्जेक्ट्सचा एक गठ्ठा. प्रत्येक गठ्ठ्याच्या अलीकडच्या बदलांची नोंद पीजी लॉगमध्ये राहते, म्हणजे थोडा वेळ बंद पडलेला ओएसडी परत आला की फक्त राहिलेले बदल त्याला देता येतात. या लॉगमध्ये एक पुरवणी असते : जुन्या विनंत्यांची छोटी नोंद, एकच विनंती दोनदा आली तर ओळखता यावी म्हणून. या पुरवणीत साधारण ३००० नोंदी राहाव्यात अशी डीफॉल्ट अपेक्षा. एका दोषामुळे काही क्लस्टरमध्ये जुन्या नोंदी छाटल्याच गेल्या नाहीत आणि त्या लाखोंनी, कुठे कोट्यवधींनी साठल्या. ओएसडी सुरू होताना हा लॉग डिस्कवरून मेमरीत घेतो. तर झालं असं, की ओएसडी सुरू व्हायचा, लॉग वाचता वाचता सगळी रॅम संपायची, कर्नल त्याला मारायचा, तो पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा मरायचा. डिस्कवर डेटा अगदी धडधाकट. फक्त त्याच्यापर्यंत पोचणारं कुणी जिवंत नाही. अखेर दोष तर दुरुस्त झालाच, पण आधीच फुगलेल्यांसाठी ओएसडी बंद असताना नोंदी छाटणारी वेगळी आज्ञा ‘सेफ ऑब्जेक्टस्टोअर टूल’मध्ये घालावी लागली.

आता सांगा, हा ‘मेमरी लीक’ होता का? व्याख्येने नाही. लीक म्हणजे अशी मेमरी जिच्याकडे जाणारा पॉइंटरच उरलेला नाही. इथे प्रत्येक नोंदीकडे जाणारा पॉइंटर शाबूत होता. व्हॅलग्राइंड चालवला असता तर त्याने लीकच्या बाबतीत स्वच्छ प्रमाणपत्र दिलं असतं. पकडलं असतं ते मेमपूलमधल्या पीजी लॉगच्या रकान्याने, आणि तेही कुणी तो रकाना आठवड्या-आठवड्याला लिहून ठेवला असता तर. आमच्या वाचनगटात येणाऱ्या मसुद्यांमध्ये ‘मेमरी लीक आढळला’ हे वाक्य मी दर सेमिस्टरला दोन-तीनदा तरी वाचतो. सोबत पुरावा असतो आरएसएसचा एक चढता आलेख, बहुतेक वेळा वर्कलोड चालू असतानाचाच. चढता आलेख म्हणजे कॅश भरतोय असंही असू शकतं; तो भरण्यासाठीच असतो. वर्कलोड थांबवा, वाट बघा, पुन्हा तेच वर्कलोड चालवा. दुसऱ्या फेरीत पातळी पहिल्याएवढीच राहिली तर लीक म्हणण्याला आधारच उरत नाही. वाढली, तरी अजून फक्त ‘वाढ’ म्हणा. लीक हा निष्कर्ष आहे, निरीक्षण नव्हे.

एक किचकट प्रकार राहिला, थोडक्यात सांगतो. सेफमधली बफर लिस्ट मोठ्या बफरचा लहान तुकडा नक्कल न करता वापरू देते. वेगासाठी हे फार चांगलं. पण तुकडा जिवंत असेतोवर मूळ बफर सुटत नाही. शंभर बाइटची किल्ली खिशात राहिली म्हणून अख्खी खोली अडली. असा तुकडा एखाद्या दीर्घायुषी रचनेत जाऊन बसला की मेमपूलमध्ये ‘बेनामी बफर’ वाढताना दिसतात आणि नाव कुणाचंच लागत नाही. या एका विषयावर चांगला पेपर लिहिता येईल असं मला प्रामाणिकपणे वाटतं. नक्कल टाळून वाचलेला वेळ आणि त्यापायी अडकलेली मेमरी यांचा हिशेब एकत्र मांडणारा.

परत त्या २०१९ च्या पेपराकडे येतो. त्यातल्या प्रयोगांना ना नवं हार्डवेअर लागलं असतं, ना नवा वर्कलोड. त्याच चाचण्या चालू असताना दर दहा सेकंदांनी तीन आकडे एका फाइलमध्ये लिहिणारी छोटी स्क्रिप्ट, आणि शेवटी थ्रूपुटच्या आलेखाखाली त्याच वेळ-अक्षावर तीन रेघा. वाचकाला तेवढ्यावर कळलं असतं की पेज कॅश सोडण्याची किंमत किती.

सेफच्या स्वतःच्या दस्तऐवजातही या किमतीचा एक आकडा आहे, पण तोही अर्धवट. मेमरी टार्गेटबद्दलच्या मजकुरात असं नोंदवलं आहे की सुरुवातीच्या विकासाच्या काळात काही कर्नलवर आरएसएस हा मॅप केलेल्या मेमरीपेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त दिसला. मेमरीची ओढाताण वाढल्यावर कर्नल सोडलेली पानं अधिक जोमाने परत घेत असावा, असा अंदाजही पुढे दिला आहे. कोणते कर्नल, कोणत्या आवृत्त्या, कोणतं वर्कलोड, ह्यूज पेजेस चालू होती की बंद, यातलं तिथे काही नाही. क्लस्टरसाठी रॅम विकत घेणारे लोक मात्र याच २० टक्क्यांवर हिशेब करतात.